कोल्हापूर ते बार्शी: छोट्या रुळांच्या वाटेनं

शुक्रवार, कोल्हापूर

कोल्हापूरच्या स्टेशनात रूळ संपतात. पश्चिमेला पुढे वाट नाही. पंचगंगेपलीकडे करवीर, पन्हाळा, गगनबावडा आणि मग घाट. कोकणात उतरायचं तर आजही एसटी किंवा स्वतःची गाडी. वैभववाडीपर्यंतचा सुमारे १०७ किलोमीटरचा मार्ग २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मंजूर झाला, पण अजून रूळ पडलेले नाहीत. म्हणून जे रूळ पडले, ते कधी, कसे आणि कुणासाठी पडले हे त्या रुळांवरूनच जाऊन बघायचं ठरवलं. सोबत मामा. त्यांची सगळी नोकरी मिरजेच्या यार्डात पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलून गाडी या रुळावरून त्या रुळावर नेणारा, म्हणून झाली आणि त्यांचे वडील त्याच स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते. माझ्याकडं पुस्तकातली सनावळी होती, मामांकडं बाकीचं सगळं.

सुरुवात शाहूपुरीपासून केली. स्टेशनातून बाहेर पडलं की दहा मिनिटांत तुम्ही या पेठेत असता, आणि हा काही योगायोग नाही. १८८८ साली कोल्हापूर संस्थानच्या रेल्वेची कोनशिला शाहू महाराजांच्या हस्ते बसली तेव्हा त्यांचं वय चौदाच्या आसपास होतं. राज्यकारभार अजून हाती आला नव्हता. १८९१ साली मिरज ते कोल्हापूर गाडी सुरू झाली. १८९४ साली महाराजांना अधिकार मिळाले आणि लगेच पुढच्या वर्षी, १८९५ साली, स्टेशनशेजारी शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली. आधी रूळ, मग पेठ. गुळाची बाजारपेठ म्हणून कोल्हापूरचं जे नाव आज देशभर आहे, त्याच्या मुळाशी हा क्रम आहे. १९०६ साली शाहू मिलची पायाभरणी झाली तीही याच हिशेबानं: कापूस आणायचा आणि सूत-कापड बाहेर पाठवायचं तर गाडी दारात हवी.

लाईन संस्थानची, पैसा दरबारचा, पण गाड्या चालवायचं काम सदर्न मराठा रेल्वे कंपनीकडं. लांबी सुमारे २९ मैल. आणि गेज मीटरचं, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर बरोबर १ मीटर. दरबारानं घेतलेला हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. डोंगरी, छोट्या संस्थानाला याहून अरुंद आणि स्वस्त रूळ टाकण्याचा मोह सहज झाला असता. त्या काळात अनेक संस्थानिकांनी तसं केलंही. पण मिरजेला जी लाईन पुण्याहून येऊन बेळगाव-लोंढ्याकडं जात होती ती मीटरगेज होती. कोल्हापूरनं तेच गेज घेतलं. त्यामुळं शाहूपुरीत भरलेली वाघीण, म्हणजे मालगाडीचा डबा, मिरजेला न उघडता थेट पुण्यापर्यंत किंवा लोंढ्यावरून मुरगावच्या बंदरापर्यंत जाऊ शकत होती.

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “पुण्यापतुर ठीक. पुण्यात मोठी लाईन लागायची. तितं उतरायचंच की सगळं.”

खरं आहे. गूळ गुजरातेत जायचा, आणि पुण्यापुढं ब्रॉडगेज. तिथं गुळाचा प्रत्येक रवा, म्हणजे ढेप, हमालाच्या हातातून एका वाघिणीतून दुसरीत. पावसाळ्यात गुळाला पाझर सुटतो, हे कोल्हापुरात लहान पोरालाही माहीत असतं. जितक्या वेळा उचल तितकी तूट.

संध्याकाळी महावीर गार्डनमध्ये जाऊन पोलिश निर्वासितांचं स्मारक पाहिलं. उद्या वळिवडे लागणार होतं म्हणून.

शनिवार, कोल्हापूर ते मिरज

सकाळची पॅसेंजर. सातारा-पुण्याच्या एक्सप्रेसनं गेलं तर मधली स्टेशनं नुसती मागं पळतात, म्हणून मुद्दाम प्रत्येक ठिकाणी थांबणारी गाडी पकडली. डब्यात जयसिंगपूरला जाणारे कामगार, मिरजेच्या दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, आणि फुलांच्या टोपल्या घेतलेल्या दोन मावश्या.

पहिलाच थांबा गूळ मार्केट. मार्केट यार्डाला लागून असलेलं हे छोटं स्टेशन. हंगाम सुरू होता, त्यामुळं हवेत तो कढत्या रसाचा वास होता जो कोल्हापूरच्या माणसाला परगावी असताना सगळ्यात आधी आठवतो.

मग वळिवडे. दुसऱ्या महायुद्धात पोलंडमधून आधी सायबेरियात हाकलले गेलेले आणि तिथून इराणमार्गे निघालेले सुमारे पाच हजार लोक १९४३ ते १९४८ या काळात इथं छावणीत राहिले. बहुतेक बायका आणि मुलं. शाळा, चर्च, दवाखाना, सगळं उभं केलं त्यांनी. अजूनही तिथं जन्मलेली, वाढलेली माणसं पोलंडहून येतात, गावकऱ्यांना भेटतात. छावणी रुळाच्या शेजारी का बसली असेल हे गाडीतून पाहिलं की कळतं: इतक्या माणसांना धान्य, कपडे, औषधं पुरवायची तर गाडी जवळ हवीच. त्या मुलांनी रोज हीच मीटरगेज गाडी येता-जाता पाहिली असणार.

वळिवडे सोडलं की पंचगंगा. रुकडीच्या अलीकडचा हा पूल कोल्हापूरच्या रेल्वेचा सगळ्यात नाजूक सांधा. २०१९ च्या महापुरात पाणी चढलं आणि कोल्हापूर-मिरज वाहतूक बंद पडली. रस्तेही बुडालेले, त्यामुळं शहर अक्षरशः बेट झालं होतं. मामा पूल येईस्तोवर दाराशी उभे राहिले. पुलावर गाडी हळू होते तेव्हा त्यांनी कानावर हात ठेवून आवाज ऐकला. यार्डात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला चाकाच्या आवाजावरून रुळाची तब्येत कळते, असं ते म्हणतात, आणि मला त्यात शंका नाही.

हातकणंगले, निमशिरगाव, मग जयसिंगपूर. जयसिंगपूर हे गाव रेल्वेनं जन्माला घातलं म्हटलं तरी चालेल. आधी इथं फक्त शिरोळ रोड नावाचं स्टेशन होतं, माळावर. १९१७ साली शाहू महाराजांनी तिथं नवी पेठ वसवली आणि कागलचे आपले जन्मदाते वडील जयसिंगराव घाटगे यांचं नाव दिलं. चौकटीसारखे सरळ रस्ते, रुंद चौक. आज ऊस, तंबाखू, भाजीपाला यांचा मोठा बाजार. शाहूपुरीनंतर बावीस वर्षांनी महाराजांनी तीच गोष्ट पुन्हा केली. आरक्षणासाठी, वसतिगृहांसाठी, राधानगरी धरणासाठी आपण महाराजांची आठवण काढतो आणि ती काढलीच पाहिजे. पण स्टेशन पाहिलं की त्याच्याभोवती बाजार उभा करायचा, ही त्यांची नजर तितकीच मोठी होती. याबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं जातं याचं मला वाईट वाटतं.

उदगावनंतर कृष्णा ओलांडली आणि गाडी मिरजेत शिरली.

मिरज जंक्शनच्या फलाटावर मामांचा चेहराच बदलला. १९७१ साली पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला आणि त्यानंतर जवळजवळ पंचवीस वर्षं या एका स्टेशनात तीन मापांचे रूळ होते. पुण्याकडं आणि कोल्हापूरकडं ब्रॉडगेज, बेळगाव-लोंढ्याकडं मीटरगेज, आणि पंढरपूर-कुर्डुवाडीकडं अडीच फुटी नॅरोगेज. तीन तऱ्हेची इंजिनं, तीन तऱ्हेचे डबे. मामांनी पुलावर उभं राहून मला हातानं सगळं दाखवलं. मीटरगेज कुठून यायची, बार्शी लाईट रेल्वेची, म्हणजे त्या अडीच फुटी लाईनची, छोटी गाडी कुठं लागायची, मालधक्का कुठं होता.

“माझा बा हितं,” ते म्हणाले. “छोट्या गाडीतनं ज्वारीचं पोतं काढायचं, पाठीवर घ्यायचं, फळीवरनं चालायचं, आन् ह्या वाघिणीत टाकायचं. शंभर किलोचं पोतं. दिसभर त्येच.”

मी गेज बदलण्यावर बरंच वाचलं आहे. तिथं त्याला खर्च म्हणतात, विलंब म्हणतात, नासधूस म्हणतात. ती पाठ कुणाची होती हे त्या आकड्यांत नसतं.

मुक्काम मिरजेतच, मामांच्या घरी. मामींनी केलेली भाकरी आणि झुणका, आणि रात्री उशिरापर्यंत यार्डातल्या गोष्टी.

रविवार, सांगली

आजचा दिवस छोटाच. सांगलीला जाऊन आलो, कारण या भागात खऱ्या अर्थानं अल्पायुषी ठरलेली एक लाईन तिथं होती. १९०७ साली सांगली संस्थाननं मिरजेपासून आपल्या शहरापर्यंत जेमतेम ५ मैलांचा मीटरगेज फाटा टाकला. मुख्य मार्ग शहराला बगल देऊन गेला होता, आणि हळदीची एवढी मोठी पेठ मुख्य रुळांपासून तुटून राहणं परवडणारं नव्हतं. पुढे ब्रॉडगेजचं काम निघालं तेव्हा नव्या मार्गावर विश्रामबागेजवळ सांगलीचं नवं स्टेशन झालं. मग जुन्या फाट्याचं कामच उरलं नाही.

शहरात स्टेशन चौक अजून आहे. रिक्षावाल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळे तो पत्ता सांगतात. तिथं संस्थानच्या त्या फाट्याचा एक नकाशा आणि चार ओळींची पाटी लावायला कितीसा खर्च येईल? महानगरपालिकेनं हे करावं असं मला मनापासून वाटतं. सांगली-मिरजेच्या शाळांतल्या मुलांना आपल्या शहरातून आगगाडी जायची हे माहीत असायला हवं.

मामांना उन्हाचा त्रास झाला, म्हणून दुपारीच परतलो.

सोमवार, मिरज ते पंढरपूर

आज त्या अडीच फुटी वाटेनं. रूळ आता ब्रॉडगेजचे आहेत, गाडीही मोठी आहे, पण वाट बहुतेक तीच. आरग, सलगरे, कवठेमहांकाळ, ढालगाव, जत रोड, सांगोला. मिरजेचा हिरवा पट्टा मागं पडतो आणि माळ सुरू होतो. कवठेमहांकाळच्या आसपास द्राक्षबागा, सांगोल्याकडं डाळिंब. बाकी कुसळं, बाभळी, आणि मेंढ्यांचे कळप.

बार्शी लाईट रेल्वे मिरजेला पोचली ती १९२७ साली. तिचा जन्म मात्र ३० वर्षं आधीचा, आणि तिकडं बार्शीला. ती गोष्ट उद्या, तिच्या जागी. आज सांगायची ती दुसरी, आणि माझ्या मते या मार्गाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी.

एप्रिल २०१६. लातूर कोरडं पडलं होतं. मांजरा धरण आटलं, नळाला पाणी नाही, टाक्यांभोवती जमावबंदी लावायची वेळ आली. तेव्हा मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यायचं ठरलं. राजस्थानातल्या कोट्याहून टँकरच्या वाघिणी धुऊन आणल्या. कृष्णेचं पाणी मिरज स्टेशनापर्यंत नळानं आणलं. पहिली गाडी १० वाघिणींची, साधारण ५ लाख लिटर पाण्याची. मग ५० वाघिणींची गाडी, २५ लाख लिटरची. जलदूत म्हणून ती सगळ्या देशात गाजली. ती ज्या वाटेनं गेली ती ही: मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद, लातूर. सुमारे ३४० किलोमीटर. थोडेफार फेरफार सोडले तर ती जुनी बार्शी लाईट.

मिरज-पंढरपूर टप्प्याचं रुंदीकरण पुरं झालं २०१० च्या सुमारास. लातूरकडचा टप्पा त्याच्या दोनेक वर्षं आधी झाला होता. म्हणजे दुष्काळाच्या जेमतेम पाच-सहा वर्षं अगोदर. जुनी नॅरोगेज तशीच राहिली असती तर देशाच्या कोपऱ्यातून आणलेली ब्रॉडगेजची एकही टाकी त्या रुळांवर चढली नसती. आणि नॅरोगेज परवडत नाही म्हणून उखडून नुसती बंद केली असती, तर मधे रूळच नसते. जे घडलं ते या दोन्हींच्या मधलं होतं. रूळ बदलले, वाट ठेवली.

मामा त्या वेळी निवृत्त झाले होते, पण पहिली गाडी सुटताना स्टेशनवर गेले होते. “माणसं हात जोडत हुती गाडीला,” एवढंच ते म्हणाले, आणि मग ढालगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

पंढरपूर स्टेशन आता मोठं, स्वच्छ. कुर्डुवाडीकडून बार्शी लाईट इथं आली १९०६ साली. आषाढी-कार्तिकीला या छोट्या गाडीवर इतकी गर्दी व्हायची की माणसं टपावर बसायची. मामींच्या आईनं आयुष्यातली पहिली आगगाडी अशीच पाहिली. कंपनी मालवाहू वाघिणीही वारकऱ्यांसाठी जोडायची. संध्याकाळी दर्शन घेतलं. नामदेव पायरीशी मामांनी बराच वेळ डोकं टेकलं.

मंगळवार, कुर्डुवाडी आणि बार्शी

कुर्डुवाडीला सकाळी पोचलो. मुंबई-सोलापूर मुख्य मार्ग इथून जातो. जुन्या काळी या स्टेशनचं नाव बार्शी रोड. मुख्य मार्गानं बार्शीला बाजूला टाकलं होतं. कापसाची, धान्याची एवढी मोठी बाजारपेठ, आणि माल बैलगाड्यांनी स्टेशनवर आणायचा.

यावर उपाय काढला एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं. तो १८८२ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या नोकरीसाठी भारतात आला होता. त्याचा विचार साधा आणि पक्का होता. हलक्या रुळांवर कुठल्याही एका चाकजोडीचा भार जास्त पडला तर रूळ खचतात. मग इंजिन असो, डबा असो की वाघीण, प्रत्येक आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशीच बांधणी करायची. गेज अडीच फूट. वाघिणी दाबलेल्या पोलादाच्या, स्वतः हलक्या आणि पोटात भरपूर माल मावणाऱ्या. कंपनी १८९५ साली निघाली. १८९७ च्या मार्चमध्ये बार्शी रोड ते बार्शी हा सुमारे २२ मैलांचा पहिला टप्पा सुरू झाला. १९११ ला लातूर, १९२७ ला मिरज. एकूण २०२ मैल. जगभरच्या नॅरोगेज बांधणाऱ्यांनी बार्शीकडं बघून आपली गणितं मांडली. बार्शीच्या माणसाला हे ठाऊक असो-नसो, त्याच्या गावाचं नाव रेल्वेच्या इतिहासात कोरलेलं आहे.

याच कॅलथ्रॉपनं विलायतेत जाऊन बार्शीची धाकटी बहीण बांधली. स्टॅफर्डशर परगण्यात, वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैल. नाव लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. तेच अडीच फूट गेज, तीच ५ टनांची शिस्त, आणि समोर भारतासाठी असतो तसला मोठा दिवा लावलेली दोन इंजिनं, त्यातल्या एकाचं नाव खुद्द ई. आर. कॅलथ्रॉप. २७ जून १९०४ ला ती सुरू झाली. तिथं त्यानं एक कल्पक गोष्ट केली: अरुंद गाडीवर मोठ्या गेजची अख्खी वाघीण उचलून ठेवता येईल असे वाहक-ठेले बनवले. माल उतरवायला नको, भरायला नको. गवळ्यांचं दूध त्या दरीतून शहराकडं जायचं. पण रस्ते सुधारले, लॉऱ्या आल्या, एक्टनची दूध डेअरी १९३२ साली बंद पडली. १० मार्च १९३४ ला गाडी कायमची थांबली. उणीपुरी तीस वर्षंही भरली नाहीत. इंजिनं मोडीत गेली, आणि १९३७ पासून त्या वाटेवर लोक पायी फिरायला जातात.

बार्शी स्टेशनच्या बाकावर बसून मी हे मामांना सांगत होते. एकाच माणसाच्या डोक्यातून निघालेल्या दोन लाईनी. विलायतेतली श्रीमंत देशातली, अधिक हुशारीनं बांधलेली, तरी गेली. इथली १९५४ मध्ये सरकारनं विकत घेतली, रडतखडत चालवली, आणि शेवटी रुंद केली. मला यामागं मोठं कारण एकच दिसतं. ती दरीत एकटी होती, एका दुधावर जगत होती. ही मिरजेला आणि कुर्डुवाडीला मोठ्या मार्गांना जोडलेली, आणि वाटेवर पंढरपूर, बार्शी, लातूर. कोल्हापूरची लाईनही त्याच कारणानं टिकली: सुरुवातीपासून शेजाऱ्याच्या रुळांना रूळ जोडलेले. वैभववाडीचा मार्ग अडला आहे तो म्हणूनच मला एवढा डाचतो. कोल्हापूरला पश्चिमेचं टोक अजून मिळालेलंच नाही.

कॅलथ्रॉप १९२७ च्या मार्चमध्ये वारला, त्याची लाईन मिरजेला पोचली त्याच वर्षी. उतारवयात त्यानं विमानातून उडी मारणाऱ्यांसाठी पॅराशूट बनवण्यात आपला पैसा आणि तब्येत दोन्ही घालवली. वैमानिकांचे जीव वाचावेत हा त्याचा ध्यास होता.

मामांच्या डोक्यात मात्र ते वाहक-ठेलेच बसले होते. वाघीण तशीच्या तशी उचलून ठेवायची, हे त्यांनी मला दोनदा समजावून सांगायला लावलं. मी म्हटलं, “मामा, ते मिरजेत आलं असतं तर आजोबांचं काम गेलं असतं की.”

“गेलं असतं,” ते म्हणाले. “दुसरं धरलं असतं. पन्नाशीत पाठ गेली त्यांची. मी यार्डात लागलो तवा पयल्यांदा सांगितलं हुतं मला, मालधक्क्यावर जाऊ नगंस म्हणून.”

कोल्हापूरकडं परतताना आम्ही पुन्हा मिरजेवरूनच आलो. मामा तिथं उतरले. पुढच्या हिवाळ्यात लातूरपर्यंत जायचं ठरलं आहे, आणि मामी येणार असतील तर तुळजापूरही.